हुकूमशाहीचे बीज कोणत्या विचारात? मराठवाड्यातून काही मुद्दे

गोदाकाठ, नांदेड (धागाकर्ते)

आमच्या गावच्या वाचनालयाचे जुने दप्तर उन्हात टाकून झटकत असताना गेल्या महिन्यात एक कागद हाती लागला. निजामी अमदानीतला अर्ज आहे. मजकूर उर्दूत, खाली सही मात्र मोडीत, आणि ती माझ्या आजोबांची. वाचनालयाच्या वार्षिक उत्सवात एक व्याख्यान ठेवायचे होते, त्याची परवानगी मागितलेली. वक्त्याचे नाव, गाव, धंदा आणि बोलण्यात राज्यकारभाराचा विषय येणार नाही अशी हमी, हे सगळे त्यात आहे. विषय तेवढा देवनागरीत लिहिलेला आहे: 'ज्ञानेश्वरीतील भूतदया'. त्यातल्या 'भूतदया' या शब्दाखाली कोणीतरी लाल शाईने रेघ ओढलेली आहे. हैदराबाद संस्थानात गश्ती क्रमांक ५३ ने सभा-संमेलनांवर परवानगीचे बंधन घातले होते, हे मी पूर्वी वाचले होते. पण भूतदयेवर बोलण्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागणे म्हणजे काय, हे मला त्या रेघेने समजले.

तो कागद मनात घोळत असताना 'कोणती विचारसरणी हुकूमशाहीकडे अधिक झुकते' या प्रश्नावरचे बरेच वाद वाचनात आले. त्यांत उजवे लोक डाव्यांच्या राजवटीतील मृत्यू मोजतात आणि डावे लोक उजव्यांच्या. ती मोजणी निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही, कारण माणसे खरोखर मेली आहेत. परंतु पुढच्या वेळी धोका आधी कसा ओळखावा, हे त्या मोजणीतून हाती लागत नाही. म्हणून मी प्रश्न निराळ्या रीतीने मांडतो. विचारसरणी आपल्याला काय देऊ करते ते थोडा वेळ बाजूला ठेवावे, आणि तिला न मानणाऱ्या माणसाला ती कोठे बसवते ते पाहावे. तो तिच्या दृष्टीने चुकलेला नागरिक असतो, अजाण लेकरू असतो, की शत्रू?

फासीवादाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्याने काही लपवलेच नव्हते. संसद म्हणजे दुबळेपणा आणि नेत्याची इच्छा म्हणजे राष्ट्राची इच्छा, हे मुसोलिनी उघडपणे सांगत होते. १९२२ साली ते पंतप्रधान झाले, १९२३ च्या कायद्याने सर्वांत मोठ्या पक्षाला पाव हिस्सा मतांवरही दोन तृतीयांश जागा मिळण्याची सोय झाली, आणि निवडणुकीतील गैरप्रकारांवर संसदेत बोलणारे मात्तेओत्ती यांचा जून १९२४ मध्ये खून झाला. येथे विचार आणि आचार यांत अंतर नव्हते.

साम्यवादाचे प्रकरण अधिक अवघड आहे, आणि माझ्यासारख्या माणसाला ते अधिक दुखावणारेही आहे, कारण त्याचे ध्येय माणुसकीचे होते. रशियात संविधान सभेची निवडणूक झाली, तीत लेनिन यांच्या बोल्शेविक पक्षाला सुमारे एक चतुर्थांश मते पडली, आणि जानेवारी १९१८ मध्ये एकाच बैठकीनंतर ती सभा गुंडाळण्यात आली. १९२१ मध्ये पक्षाच्या आतही गट करण्यास बंदी आली. रोझा लक्झेंबर्ग या स्वतः क्रांतिकारक. त्यांनी १९१८ मध्येच तुरुंगातून लिहिले होते की स्वातंत्र्य म्हणजे वेगळा विचार करणाऱ्याचे स्वातंत्र्य. घसरण कोठे झाली असे मला कोणी विचारले, तर मी शेतजमीन किंवा कारखाने यांच्या मालकीकडे बोट दाखवणार नाही. कामगारवर्गाचे खरे हित पक्षाला कामगारापेक्षा अधिक कळते, या गृहीतकाकडे दाखवीन. हे गृहीतक एकदा मान्य केले की विरोध करणारा कामगार हा अजाण तरी ठरतो नाही तर विकला गेलेला तरी.

परंतु हाच मार्क्सवाद केरळात १९५७ साली निवडणुकीने सत्तेवर आला आणि १९५९ मध्ये ते सरकार बरखास्त झाले, तरी त्याने पुन्हा मतपेटीचाच रस्ता धरला. पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी १९७७ पासून ३४ वर्षे सत्तेवर होती आणि २०११ मध्ये हरल्यावर पायउतार झाली. आपल्या शेजारी तेलंगणात १९४६ ते १९५१ सशस्त्र लढा करणारे साम्यवादी १९५२ च्या निवडणुकीला उभे राहिले आणि त्यांचे नेते रावी नारायण रेड्डी प्रचंड मताधिक्याने लोकसभेत गेले. ग्रंथ तेच होते. हरण्याची सोय असलेल्या व्यवस्थेत उतरल्यावर त्यांचे वागणे बदलले.

उदारमतवादालाही मी सोडू इच्छित नाही. स्वातंत्र्यावर सर्वांत सुंदर लिहिणारे जॉन स्टुअर्ट मिल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते, आणि मागासलेल्या लोकांवर त्यांच्या सुधारणेसाठी अनियंत्रित सत्ता चालवणे त्यांना योग्य वाटत होते. म्हणजे अजाण लेकराची ती जागा त्यांच्याही विचारात होती, आणि तेथे आपण बसलो होतो.

आता घरचे उदाहरण. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन १९२७ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे काम मुख्यतः धार्मिक आणि सामाजिक होते. पुढे बहादूर यार जंग यांनी 'अनल मलिक' हा सिद्धांत मांडला: संस्थानातील प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा धनी आहे आणि निजाम हे त्या सत्तेचे प्रतीक आहे. हातावर पोट असलेल्या गरीब मुसलमानाला त्यातून भाकरीचा तुकडाही मिळाला नाही. पण त्याचा शेजारी एका वाक्यात रयत झाला. १९४६ नंतर लातूरला वकिली करणारे कासिम रझवी संघटनेच्या प्रमुखपदी आले आणि रझाकार गावोगाव दिसू लागले. भारतात विलीन व्हावे असे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. ते मुसलमान होते. ज्यांच्या नावाने सत्ता मागितली जाते त्यांच्यातल्याच वेगळे बोलणाऱ्याला ती सर्वांत आधी सहन करीत नाही, याचा एवढा जवळचा दाखला मला दुसरा सापडत नाही.

आपले मत काय? खोडून काढले तरी चालेल.

मांजरा, लातूर

गोदाकाठ सर, कागदाबद्दलचे वाचून अंगावर काटा आला. आपली कसोटी मला पटते, मात्र ती अपुरी वाटते. मी तीस वर्षे न्यायालयात वकिली केली आहे, त्यामुळे माझे लक्ष विचारापेक्षा कायद्यातल्या चोरदरवाजाकडे जाते.

जर्मनीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या संविधानात ४८ वे कलम होते. संकटकाळी अध्यक्षाने अध्यादेशांनी कारभार चालवावा असे ते कलम. ते नाझींनी लिहिलेले नव्हते, लोकशाहीवाद्यांनी लिहिलेले होते. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाले, २७ फेब्रुवारीला संसदभवनाला आग लागली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कलमाखाली नागरिकांचे हक्क स्थगित झाले. २३ मार्चला सर्वाधिकार देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. विरोधातली ती सगळी मते सोशल डेमोक्रॅट सदस्यांची होती. बाकीच्या मध्यममार्गी पक्षांची विचारसरणी हुकूमशाहीची मुळीच नव्हती, तरी त्यांचे हात वर गेले.

आपल्याकडे २५ जून १९७५ च्या रात्री 'अंतर्गत अशांतता' या दोन शब्दांवर आणीबाणी आली. सत्तेवरच्या पक्षाचा विचार कोणता होता? लोकशाही समाजवाद. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द घातले, आणि त्याच दुरुस्तीने न्यायालयांचे हात बांधले. राज्यात मुख्यमंत्री आपल्याच नांदेड जिल्ह्यातले शंकरराव चव्हाण होते, ज्यांच्या शिस्तीचे आणि जायकवाडीच्या कामाचे कौतुक मराठवाडा आजही करतो. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७६ मध्ये, तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही. कोणीही त्यांना क्रूर म्हणणार नाही. लोकसंख्या आटोक्यात आली तर गरिबी हटेल, अशी त्या लोकांची प्रामाणिक समजूत होती. त्या प्रामाणिकपणाचीच मला अधिक भीती वाटते.

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा मताने सांगितले की आणीबाणीत बंदिवानाला स्वतःच्या सुटकेसाठी दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात राहिले आणि पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलण्यात आले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र बंड' असे शब्द घातले, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक केला, आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही अशी तरतूद केली. माझे म्हणणे असे की विचारसरणीची तुलना करताना तिच्या अनुयायांना एक साधा प्रश्न विचारावा: तुमच्या शत्रूच्या हातात गेली तरी चालेल अशीच सत्ता तुम्ही स्वतःसाठी मागता का?

बालाघाट, बीड

वकीलसाहेबांचे आणि सरांचे दोन्ही वाचले. विद्वत्ता माझ्याकडे नाही. मी ऊस लावतो. पण या चर्चेत एक गोष्ट निसटते आहे असे मला वाटते, म्हणून लिहितो.

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचा मी सभासद आहे. नाव लिहीत नाही. सहकार हा विचार म्हणून पाहिला तर त्याच्याइतका लोकशाहीचा विचार दुसरा नसेल: शेअर कितीही असोत, मत एकच. आता त्याच विचाराची वार्षिक सर्वसाधारण सभा कशी होते ते सांगतो. मंडपात पुढच्या दहा रांगांत कामगार बसवलेले असतात, त्यातल्या अनेकांच्या गळ्यात सभासदाचा बिल्ला असतो. कार्यकारी संचालक विषय क्रमांक एक वाचायला लागतात, वाक्य पुरे होण्याआधी 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो. अकरा विषय चौदा मिनिटांत संपलेले मी घड्याळ लावून पाहिले आहेत. एका वर्षी मी वाहतूक खर्चाबद्दल विचारायला उभा राहिलो. ध्वनिक्षेपक माझ्यापर्यंत आला, मी 'अध्यक्ष महोदय' म्हणालो आणि तो बंद झाला. कोणी धमकी दिली नाही, कोणी अंगावर आले नाही. त्या हंगामात माझ्या प्लॉटला तोडणीची टोळी मार्चअखेर आली. तोवर उसाला तुरा आलेला, वजन घटलेले. चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या ऊसनोंदीच्या माणसाला, विचारले तर तो म्हणाला, 'दादा, प्रोग्रॅम वरून येतो.'

पुढच्या सभेला मी गेलो, पण उभा राहिलो नाही. हे लिहिताना मला आजही वाईट वाटते.

येथे कोणती विचारसरणी होती? उजवी नाही आणि डावीही नाही. माझा ऊस दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती, एवढेच होते. तेव्हा माझा प्रश्न असा, की विरोध करणाऱ्याला विचारसरणी कोठे बसवते हे तर पाहावेच, पण त्याची चूल कोणाच्या हातात आहे हेही पाहावे की नाही?

पूर्णामाय, परभणी

बालाघाट दादांचा मुद्दा मनाला लागला. त्यालाच जोडून मला एक गोष्ट मांडायची आहे, कारण आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत वर कोणीतरी बसलेले आहे: निजाम, पक्ष, पंतप्रधान, चेअरमन. वर कोणी नसतानाही माणसाचे स्वातंत्र्य जाते.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांत दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. माझी आई तेव्हा नवविवाहित होती. घर जळाल्यानंतरच्या दिवसांबद्दल ती एवढेच सांगते, की गावातल्या दुकानदाराने मीठ द्यायला नकार दिला, आणि तो माणूस वाईट नव्हता. आदल्या आठवड्यापर्यंत तो उधारीवर देत असे. त्या गावाला कोणत्याही हुकूमशहाने हुकूम दिलेला नव्हता. आणीबाणी उठून वर्षभर झाले होते, वृत्तपत्रे मोकळी होती, निवडून आलेले सरकार होते. पुस्तकी व्याख्येप्रमाणे ती लोकशाहीच होती. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

म्हणून मी असे म्हणेन की बहुमत म्हणजेच लोकशाही असे मानणारा कोणताही विचार, मग तो कितीही लोकाभिमुख असो, त्यात हुकूमशाहीचे बीज असते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात दोन इशारे दिले होते. एक सर्वांना आठवतो: धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. (सरांनी ज्या मिल यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्यांचाच आधार बाबासाहेबांनी तेथे घेतला होता, विचारवंत अर्धा स्वीकारता येतो, हे मला त्यावरून शिकायला मिळाले.) दुसरा इशारा कमी सांगितला जातो: राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. जात ही आज्ञापालनाची तयार चौकट आहे. तिच्यावर कोणतीही विचारसरणी ठेवली, तरी खाली बसणारे लोक तेच राहतात. माझे वडील छत्रपती संभाजीनगरला मिलिंद महाविद्यालयात शिकले, आणि प्राध्यापकाला प्रश्न विचारण्यासाठी उभे राहण्याची सवय लागायला दोन वर्षे गेली, असे ते सांगत.

खाम, छत्रपती संभाजीनगर

ताईंचे वाचल्यानंतर लिहिताना संकोच वाटतो, तरी माझा विरोध नोंदवणे आवश्यक आहे. सगळीकडेच बीज असते असे म्हणत गेलो तर तुलनाच उरत नाही. कारखान्याची सभा आणि स्टालिन यांच्या राजवटीत युक्रेनमध्ये पडलेला १९३२-३३ चा दुष्काळ यांच्यात प्रमाणाचा नव्हे, प्रकाराचाच फरक आहे.

साध्या हुकूमशहाला तुम्ही गप्प बसलात तर पुरते. सर्वंकष सत्तेला तुम्ही टाळ्या वाजवाव्या लागतात, आणि तुमच्या मुलानेही. चिलीत लष्करप्रमुख पिनोशे यांनी १९७३ मध्ये रक्तपात करून सत्ता घेतली, हजारोंचा जीव घेतला, आणि खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांनी त्यांच्या आर्थिक धोरणांना साथ दिली, हा उजव्या विचारावरचा डाग आहे. पण १९८८ च्या सार्वमतात ते हरले आणि १९९० मध्ये अध्यक्षपद सोडले. माओंच्या चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली, कारण खालच्या अधिकाऱ्याला 'पीक आले नाही' एवढे खरे वाक्य वर कळवता येत नव्हते. मालमत्ता, वृत्तपत्र, न्यायालय आणि नोकरी हे सगळे एकाच हाती देणारा विचार हा अधिक धोकादायक आहे, असे स्पष्ट म्हणण्याचे धैर्य आपण दाखवावे.

तरी प्रामाणिकपणे हेही सांगतो की सर्वंकष राजवटी आतून कधीच बदलत नाहीत असा एक सिद्धांत अमेरिकेत १९७९ च्या सुमारास फार मानला जाई, आणि १९८९ मध्ये पूर्व युरोपने तो खोटा ठरवला.

तेरणा, धाराशिव

एक जोड द्यावीशी वाटते. सरांनी रझाकारांविषयी लिहिले ते योग्यच आहे. आमच्या घरीही त्या आठवणी आहेत. परंतु १७ सप्टेंबर १९४८ नंतर काय घडले तेही याच चर्चेत यायला हवे. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार लोक मारले गेल्याचा अंदाज दिला, त्यांत प्रामुख्याने मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. स्वातंत्र्याचा लढा न्याय्य होता आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखे नेतृत्व त्याला लाभले होते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण आमच्या गल्लीतल्या एका आजीने आपल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दिवस आयुष्यभर कोणाला सांगितला नाही, कारण तो दिवस सगळ्यांच्या आनंदाच्या दिवसांतला होता. सरांची कसोटी आपल्या बाजूच्या विजयालाही लावावी लागेल.

गोदाकाठ, नांदेड (धागाकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. तेरणा, आपण लिहिले ते मी लिहायला हवे होते. आमच्याच जिल्ह्याचे नाव त्या अहवालात आहे आणि मी रझाकारांपाशी थांबलो, ही माझी चूक मी मान्य करतो.

पूर्णामाय ताई, आपल्या मुद्द्यावर माझ्यापाशी उत्तर नाही, कबुली आहे. मी सत्तेकडून विरोधकाकडे पाहत होतो, आणि वस्तीत मीठ नाकारणाऱ्या दुकानदाराला माझ्या मांडणीत जागाच नव्हती.

बालाघाट यांनी मात्र माझी मांडणी अधिक बळकट केली, असे मला वाटते. रशियन क्रांतीचे एक नेते ट्रॉट्स्की यांनी सत्ता गमावल्यानंतर, हद्दपारीत असताना लिहिले होते की जेथे राज्यसंस्था हीच एकमेव मालक असते तेथे विरोध करणे म्हणजे हळूहळू उपाशी मरणे. १९२१ मध्ये क्रॉनस्टाटच्या खलाशांचे बंड मोडणाऱ्या माणसाला हे १९३० च्या दशकात उमगले. खाम यांचा सगळे एकाच हाती देण्याविषयीचा आक्षेप आणि बालाघाट यांचा तुरा आलेला ऊस हे माझ्या दृष्टीने एकाच दुखण्याचे लहान-मोठे रूप आहे. त्यामुळे खाम यांना मी एवढेच विचारीन, की चूल एकाच हाती जाण्याला ते विरोध करतात तेव्हा तो हात सरकारचा नसून एखाद्या घराण्याचा किंवा एकाच खासगी कंपनीचा असेल, तरी त्यांचा विरोध तितकाच तीव्र राहील का? राहणार असेल, तर आमच्यात प्रमाणाचाच मतभेद उरतो आणि त्यात त्यांचे म्हणणे बव्हंशी बरोबर आहे. राहणार नसेल, तर तो मतभेद मोठा आहे आणि त्यावर सविस्तर बोलायला हवे.

मांजरा साहेबांनी सुचवलेला प्रश्न मी माझ्या मांडणीत आधी घेतो. रविवारी वाचनालयात या विषयावर आम्ही बसणार आहोत. परवानगी लागत नाही. अर्जाचा तो कागद टेबलावर ठेवणार आहे, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी यावे.